मिनी ट्रॅक्टरची किंमत सगळे विचारतात, पार्ट कुठं मिळणार ते कुणीच विचारत नाही

ऑक्टोबर छाटणीनंतर द्राक्षाचे घड बाहेर पडलेले असतात आणि रात्रीत अवकाळी पाऊस होतो. सकाळी काहीही करून फवारणी घ्यावी लागते, कारण ओल्या पानावर डाऊनी बसायला फार वेळ लागत नाही. डाळिंबवाल्याचं तेलकट डागाच्या बाबतीत असंच असतं. नेमक्या अशा सकाळी मिनी ट्रॅक्टरला चावी मारली आणि तो नुसता टक् आवाज करून गप्प बसला, तर शेतकरी पहिला फोन शोरूमला लावतो. तिकडून उत्तर येतं की पाऊस सगळीकडेच झालाय, मेकॅनिक दुसऱ्या तालुक्यात आहे, परवा पाठवतो. बागेला तो परवा परवडणारा नसतो.

मिनी ट्रॅक्टर घेताना एचपी, किंमत, हप्ता आणि सबसिडी यावर भरपूर चर्चा होते. पण ट्रॅक्टर स्वस्तात पडला की महागात, हे ठरतं तो बंद पडल्यावर किती तासांत चालू होतो त्यावर. अहिल्यानगर जिल्ह्यात तर जास्तच. का, ते बघू.

नगरला मिनी ट्रॅक्टर लागतोच कशाला?

अहिल्यानगर, म्हणजे आधीचं अहमदनगर, क्षेत्रफळानं महाराष्ट्रातला सगळ्यात मोठा जिल्हा. १७ हजार चौरस किलोमीटर आणि १४ तालुके. उत्तरेला कोपरगाव, राहाता, श्रीरामपूरचा ऊस, संगमनेर-राहात्यात डाळिंब, श्रीगोंद्यात लिंबू आणि द्राक्ष, पारनेरला कांदा, तर पाथर्डी, कर्जत, जामखेडकडं कोरडवाहू. बागेत दोन ओळींत अंतर असतं साधारण ९ ते १५ फूट, आणि फांद्या पसरल्या की त्यातलं निम्मंच मोकळं राहतं. तिथं ४५ एचपीचा ट्रॅक्टर घातला तर फळं कमी आणि मोडलेल्या फांद्या जास्त हाती लागतील. म्हणून तीन-चार फूट रुंदीचे, साताठशे किलो वजनाचे छोटे ट्रॅक्टर इथं खपले.

बाजारात पर्याय बरेच आहेत. महिंद्राचा १५ एचपीचा युवराज २१५ एका सिलिंडरचा आहे, २४ एचपीचा जिवो २४५ दोन सिलिंडरचा. व्हीएसटी शक्तीचा १८.५ एचपीचा एमटी १८० डी आणि कुबोटाचा २१ एचपीचा निओस्टार तीन सिलिंडरचे. शिवाय स्वराज, सोनालिका, राजकोटचा कॅप्टन वगैरे आहेतच.

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. कर सोडून ४ लाखांचा ट्रॅक्टर असेल तर आधी तो ४ लाख ४८ हजारांना पडायचा, आता ४ लाख २० हजारांना. ट्रॅक्टरचे टायर आणि बऱ्याच सुट्या भागांवरचा कर १८ वरून ५ टक्के झाला, त्याची चर्चा मात्र कमी झाली. मालकाला पुढची दहा वर्षं उपयोगी पडणारी गोष्ट ही दुसरी आहे. त्यामुळं पार्टच्या बिलावर कराचा दर काय लावलाय, ते एकदा वाचायला हरकत नाही.

सबसिडीबद्दल एवढंच की महाडीबीटीवरून अर्ज केला असेल तर पूर्वसंमती यायच्या आधी ट्रॅक्टर घेऊ नका, अनुदान जातं. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध बचत गटांसाठी समाजकल्याण विभागाची वेगळी योजना आहे. त्यात ९ ते १८ एचपीचा मिनी ट्रॅक्टर आणि अवजारं मिळून ३ लाख ५० हजारांच्या मर्यादेत ९० टक्के अनुदान आहे. इथं एक गोची होते. ट्रॅक्टर गटाचा असतो, त्यामुळं सर्व्हिसिंगला कुणी न्यायचा आणि ऑइलचे पैसे कुणी भरायचे हे आधी ठरलेलं नसलं तर तो सगळ्यांचा असूनही कुणाचाच राहत नाही.

‘फ्री सर्व्हिस’मध्ये फ्री काय असतं?

ट्रॅक्टरचं वय किलोमीटरवर मोजत नाहीत, तासांवर मोजतात. डॅशबोर्डवरचं अवर मीटर त्यासाठीच असतं. पहिली सर्व्हिस बहुतेक कंपन्या ५० तासांच्या आसपास सांगतात. ती चुकवायची नाही, कारण नव्या इंजिनात आणि गिअरपेटीत घासून निघालेला लोखंडाचा बारीक चुरा पहिल्या ऑइलबरोबरच बाहेर काढायचा असतो.

फ्री सर्व्हिसचं कूपन म्हणजे मजुरी फ्री. ऑइल, फिल्टर, ग्रीस यांचे पैसे द्यावेच लागतात. बिल हातात पडलं की फसवल्यासारखं वाटतं आणि इथंच अनेकजण पुढची कूपनं वापरायची सोडून देतात. मग बाजारातून ऑइल आणून घरीच बदललं जातं. कामात तसं काही वाईट नसतं, पण पुस्तिकेत शिक्का पडत नाही. दोन वर्षांनी गिअरपेटी आवाज करायला लागली की शोरूमवाला पहिल्यांदा पुस्तिका मागतो आणि शिक्के नसले की वॉरंटी नाकारतो.

वॉरंटीही नीट वाचावी. ‘अमुक वर्षं किंवा अमुक तास, यातलं जे आधी पूर्ण होईल ते’ असं लिहिलेलं असतं. वर्षं मोठ्या अक्षरात असतात, तास आतल्या पानावर. काही कंपन्या पाच-सहा वर्षांची वॉरंटी सांगतात, त्यात पूर्ण ट्रॅक्टरची पहिली एक-दोन वर्षंच असतात आणि पुढं फक्त इंजिन-गिअरपेटीचे ठरावीक भाग. क्लच प्लेट, ब्रेक, रबरी सील, फिल्टर यांना घासले जाणारे भाग म्हणून बहुतेक वेळा बाहेर ठेवतात. बॅटरी आणि टायरचा दावा त्या-त्या कंपनीकडं. म्हणजे जे भाग सगळ्यात आधी जातात, तेच वॉरंटीत नसतात.

बिघडतं काय आणि का?

सगळ्यात आधी क्लच. बऱ्याच छोट्या ट्रॅक्टरांना एकच क्लच असतो. तो पूर्ण दाबला की ट्रॅक्टरबरोबर पीटीओ थांबतो आणि ब्लोअरही बसतो. म्हणून ओळीच्या टोकाला वळताना ब्लोअर चालू ठेवायला ड्रायव्हर क्लच अर्धाच दाबतो. एकरात अशी किती वळणं होतात ते मोजा, त्यात वर्षभरातल्या फवारण्या धरा. प्लेट वेळेआधी जळाली तर दोष कंपनीचा की वापराचा, हा वाद ठरलेला. प्लेट स्वतः फार महाग नसते, पण ती बदलायला ट्रॅक्टर मधून दोन भागांत सोडवावा लागतो, आणि त्याची मजुरी पार्टपेक्षा जास्त वाटू शकते. फवारणी हेच मुख्य काम असेल तर ड्युअल क्लच आहे का, हे घेतानाच विचारायला हवं.

दुसरी धूळ. कोरड्या रानात रोटाव्हेटर चालला की ट्रॅक्टर स्वतःच्याच फुफाट्यात काम करतो. एअर फिल्टर चोंदला की इंजिनला हवा कमी पडते, काळा धूर येतो, डिझेल जास्त जातं. फिल्टर फाटका असेल तर धूळ थेट आत जाऊन लायनर आणि रिंगा खाते. ऑइलमधला एअर क्लीनर असेल तर भांड्यातलं ऑइल गढूळ झालं की बदलायचं, एवढं काम आहे. रेडिएटरच्या जाळीत बागेतला पालापाचोळा अडकतो, तो रोज झटकला नाही तर उन्हाळ्यात इंजिन तापून हेडची गॅस्केट जाते.

तिसरं, झेपत नाही ते काम. १५ एचपीच्या ट्रॅक्टरला मोठा रोटाव्हेटर लावला जातो, कारण शेजाऱ्याकडं पडून असतो. साताठशे किलोच्या ट्रॅक्टरमागं कांद्याच्या गोण्या भरलेली ट्रॉली लावून घोडेगावच्या बाजाराचा रस्ता धरला जातो. ओढायला तो ओढतो, प्रश्न उतारावर थांबवण्याचा असतो, कारण ब्रेक त्या वजनासाठी बनवलेले नसतात आणि मागची ट्रॉली पुढच्या ट्रॅक्टरला ढकलत नेते. इथं प्रश्न दुरुस्तीच्या खर्चापुरता राहत नाही.

फोर व्हीलवाल्यांसाठी एक गोष्ट, जी शोरूममध्ये फारशी सांगितली जात नाही. या ट्रॅक्टरांत पुढची चाकं मागच्यापेक्षा किंचित पुढं धावतील असं गिअरचं गणित असतं. मऊ रानात हा फरक जिरतो, डांबरी रस्त्यावर जिरत नाही, मग पुढच्या एक्सलवर ताण येतो आणि टायर झिजतात. म्हणून रस्त्याला लागलं की फोर व्हील सोडायचं. पुढचे टायर बदलताना वेगळ्या मापाचे घातले तरी हेच गणित बिघडतं.

आणि सुरुवातीचा तो टक् आवाज? मिनी ट्रॅक्टर दोन बहारांच्या मधे महिनोन्‌महिने उभा राहतो. बॅटरी उतरते, टर्मिनलवर पांढरा थर धरतो. अर्ध्या रिकाम्या टाकीत हवेतली वाफ थंड होऊन डिझेलमध्ये पाणी होतं. पंधरा दिवसांतून एकदा चालू करून थोडा वेळ चालवणं, टर्मिनल साफ ठेवणं आणि टाकी भरून ठेवणं, यावर कुणाचंच बिल येत नाही.

शोरूम की गावातला मिस्त्री?

५० एचपीवरच्या ट्रॅक्टरांना जानेवारी २०२३ पासून धुराचे कडक नियम लागू झाले आणि त्यांच्यात सेन्सर, इलेक्ट्रॉनिक पंप आले. छोट्यांना ते नियम तेव्हा लागू झाले नाहीत. त्यामुळं बहुतेक मिनी ट्रॅक्टरांत अजून साधा यांत्रिक डिझेल पंप आणि नोझल असतं, जे तालुक्याच्या गावातला पंपवाला सेट करून देऊ शकतो. ही फार मोठी सोय आहे. ट्रॅक्टर वॉरंटीत असेपर्यंत मोठं काम शोरूमकडून, त्यानंतर हात बसलेला मिस्त्री, असं गणित बरेच शेतकरी मांडतात आणि ते चुकीचं नाही.

अडचण पार्टची असते. मोठ्या ट्रॅक्टरचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही दुकानात मिळतात, मिनीच्या एखाद्या मॉडेलचे नाहीत, कारण तालुक्यात तसे ट्रॅक्टरच मोजके असतात. जामखेडहून नगरला जायचं तर ७० किलोमीटरच्या पुढं, येणं-जाणं आणि दिवस गेला. राजूरपलीकडच्या गावाला तर संगमनेर गाठणंसुद्धा सोपं नाही. फिल्टर, बेल्ट लोकल चालून जातो असं म्हणतात, पण स्वस्तातला फिल्टर वाचवतो शंभर-दोनशे रुपये आणि जोखीम घेतो इंजिनची. नट-बोल्ट, पिना, होज पाइप, बेअरिंग नंबर बघून बाजारातून घेता येतं. क्लच, फिल्टर, सील आणि गॅस्केट ओरिजनलच घ्यावं.

कंपनीच थांबली तर? हेही घडलेलं आहे. मूळ नगरच्या फिरोदिया कुटुंबाची फोर्स मोटर्स बलवान ट्रॅक्टर बनवायची, बागेसाठी ऑर्चर्ड नावाचं छोटं मॉडेलही होतं. मार्च २०२४ अखेर कंपनीनं ट्रॅक्टरचा व्यवसाय बंद केला. रानात आधीपासून असलेले ट्रॅक्टर मात्र त्या तारखेला थांबले नाहीत. म्हणून नवं मॉडेल घेताना ते बाजारात किती वर्षं आहे आणि आसपास किती जणांकडं आहे, हे पाहणं पाच-दहा हजारांच्या सवलतीपेक्षा महत्त्वाचं ठरतं.

डीलर दाद देत नसेल तर?

तोंडी तक्रारीला किंमत नाही. प्रत्येक वेळी जॉब कार्ड मागून घ्यायचं, त्यावर तारीख, तास आणि तक्रार तुमच्या शब्दांत लिहून घ्यायची. मग डीलर आणि कंपनी दोघांना लेखी पत्र किंवा ईमेल. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५, तिथं मराठीतही बोलता येतं.

तरी काम झालं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या कायद्यानुसार तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, म्हणजे कंपनीचं ऑफिस चेन्नईत असलं तरी केस अहिल्यानगरला चालू शकते. वस्तूची किंमत ५ लाखांपर्यंत असेल तर फी लागत नाही, वकील सक्तीचा नाही. मुदत दोन वर्षांची. ट्रॅक्टरमध्ये मूळचाच दोष आहे असं म्हणणं असेल तर तज्ज्ञाचा अहवाल लागतो, तो नसेल तर केस कमजोर होते.

ट्रॅक्टर धंद्यासाठी घेतलाय, त्यामुळं तुम्ही ग्राहकच नाही, असा बचाव समोरून येऊ शकतो. सुप्रीम कोर्टानं १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंग वर्क्सच्या निकालात हे स्पष्ट केलंय. पोट भरण्यासाठी स्वतः चालवायला रिक्षा घेणारा माणूस ग्राहकच असतो. स्वतःच्या शेतात ट्रॅक्टर चालवणाऱ्यालाही हाच आधार आहे. चार ट्रॅक्टर आणि ड्रायव्हर ठेवून भाड्याचा धंदा करणाऱ्याचं मात्र अवघड होतं.

दुरुस्तीचा हक्क ही जगभर चालू असलेली लढाई आहे. अमेरिकेत शेतकऱ्यांना ट्रॅक्टरचं सॉफ्टवेअर उघडता येत नाही म्हणून कोलोरॅडो राज्यानं २०२३ मध्ये कायदा केला, आणि जानेवारी २०२५ मध्ये तिथल्या व्यापार आयोगानं जॉन डिअरवर खटला भरला. आपल्याकडं केंद्रानं २४ डिसेंबर २०२२ ला ‘राइट टू रिपेअर’ पोर्टल सुरू केलं. निवडलेल्या चार क्षेत्रांत शेती अवजारं आहेत. तिथं कंपन्यांनी मॅन्युअल, पार्टची माहिती आणि सर्व्हिस सेंटर द्यावीत अशी अपेक्षा आहे. घ्यायच्या मॉडेलची माहिती तिथं आहे का, ते पाच मिनिटांत बघता येतं.

त्याहून सोपी एक चाचणी आहे. ट्रॅक्टर बघायला शोरूममध्ये जाल तेव्हा आधी पार्टच्या काउंटरवर जा आणि त्याच मॉडेलची क्लच प्लेट, डिझेल फिल्टर आणि पुढच्या एक्सलचं सील मागा. आहे म्हणाले तर डबा समोर ठेवायला सांगा आणि किंमत लिहून घ्या. मागवावं लागेल म्हणाले तर किती दिवस लागतील ते विचारा आणि तेवढे दिवस तुमची बाग थांबेल का, याचा हिशोब करा.