थळच्या वाड्या

खांदेरी २०२५ साली जागतिक वारसा यादीत आल्यापासून थळच्या किनाऱ्यावरील पर्यटकांची दृष्टी समुद्राकडेच असते. पाठीमागील नारळी-पोफळीच्या वाड्या मात्र दुर्लक्षित राहतात. वस्तुतः आखीव उद्यान ते हेच : विहीर, तिचे पाट, रांगेतले माड, त्यांच्या सावलीत पोफळी. राजेरजवाड्यांच्या बागा विलासासाठी होत्या. या वाड्यांनी घरे चालवली.

आज येथे सातबारा तपासणारा ग्राहक अनेकदा मुंबईचा व्यापारी असतो. माड तोडून हिरवळ लावली, की उत्पन्न थांबते, पाण्याचा खर्च सुरू होतो. वनस्पतिकायिक जीवांची हिंसा वेगळीच. बंगला वाडीच्या कडेला बसतो का, हे खरेदीखतापूर्वीच वास्तुविशारदास विचारावे. विहीर तर कधीच बुजवू नये.