सीताफळाचे डोळे उघडेपर्यंत

कौंडण्यपूर हे रुक्मिणीचे माहेर म्हणून आपल्याला ठाऊक आहे. वर्धेकाठच्या या शिवारात काळी जमीन आणि कापूस. अमरावती जिल्ह्याचे मोठे जंगल मात्र दुसऱ्या टोकाला, मेळघाटात. त्याच्या पायथ्याशी, अचलपूर तालुक्यात पायविहीर हे कोरकूंची वस्ती असलेले छोटे गाव आहे. या गावाचा जंगलाशी असलेला संबंध समजून घ्यायला आपण एका फळापासून सुरुवात करू.

सीताफळ मूळचे उष्ण कटिबंधीय अमेरिकेतले. मुरमाड, उघड्या उतारावर ते टिकते, कारण त्याच्या पानांतील कडू द्रव्यांमुळे शेळ्या त्याला सहसा तोंड लावत नाहीत. (बियांची पूड उवांवर वापरतात, ती डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते, तेव्हा मुलांना तो प्रयोग करू देऊ नये.) फळावरच्या फुगीर खवल्यांना आपण डोळे म्हणतो. फळ भरले की डोळ्यांमधल्या खाचा रुंदावतात, पिवळसर दिसू लागतात. अशा वेळी तोडलेले फळ दोन-चार दिवसांत पिकते. त्याआधी तोडलेले कोवळे फळ पिकत नाही. कडक राहते, काळे पडते.

मग लोक कच्ची फळे का तोडतात? अज्ञानामुळे नव्हे. जंगल कुणाचेच नसेल, तर आज मी थांबलो की उद्या दुसरा तोडून नेणार, हे प्रत्येकाला माहीत असते. थांबणाऱ्याचेच नुकसान होते. अशा ठिकाणी झाडे वाचवण्याचा उपदेश आम्हाला फारसा उपयोगाचा वाटत नाही.

२००६ च्या वनहक्क कायद्याने हे गणित बदलले. गौण वनोपजावर मालकी आणि जंगल राखण्याचा, त्याचे व्यवस्थापन करण्याचा अधिकार गावाला मिळू शकतो. पायविहीरला २०१२ मध्ये १९२ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. 'खोज' संस्थेची साथ होती. रोजगार हमीच्या कामांतून चर खोदले गेले, झाडे लावली गेली. गवताला वाढू न देणारी घाणेरी उपटली गेली. सीताफळे एकत्र गोळा करून, निवडून थेट मुंबईपर्यंत विकली गेली. तोड केव्हा करायची हे गावच ठरवू लागले, की थांबणे परवडते. २०१४ साली गावाला संयुक्त राष्ट्र विकास कार्यक्रमाचा जैवविविधता पुरस्कार मिळाला.

अर्थात सीताफळाचा हंगाम दीड-दोन महिन्यांचा. त्यावर वर्ष निघत नाही. म्हणून चर, रोपे, गवत, बांबू अशी कामे आणि उत्पन्ने वर्षभर विभागलेली असावी लागतात.

दसरा-दिवाळीच्या सुमारास शाळेजवळच्या झाडावरून तीन फळे तोडून पाहावीत: एकाच्या खाचा अगदी मिटलेल्या, दुसऱ्याच्या किंचित रुंद, तिसऱ्याच्या पिवळसर झालेल्या. रोज वजन घ्यावे, बोटाने दाबून नोंद ठेवावी आणि बाजारात फळे टोपलीने विकली जातात की वजनाने, हेही मुलांना विचारून यायला सांगावे.