अंकुराचे चित्रण : वर्गाने मिळून करावयाचा एक उपक्रम

चित्रपट पाहिला नाही असे मूल आज खेड्यातही विरळा. परंतु चित्रपट तयार कसा होतो हे ठाऊक असलेले मूल त्याहूनही विरळा आढळते. तयार वस्तू पाहिल्याने करमणूक होते; ती स्वतःच्या हाताने घडविल्याने शिक्षण होते. मातीकाम, सूतकताई, बागकाम यांना प्राथमिक शाळेत स्थान मिळाले ते याच तत्त्वावर. चित्रपटालाही तेच तत्त्व लागू पडते. तीन मिनिटांचा लहानसा चित्रपट एका वर्गाने मिळून तयार करावयाचा म्हटले म्हणजे त्यात निरीक्षण येते, गणित येते, भाषा येते, आणि मुख्य म्हणजे परस्परांवर विसंबून काम करण्याची सवय येते.

अशा उपक्रमास मोठे साहित्य आणि पुष्कळ पैसा लागतो, हा समज प्रथम दूर केला पाहिजे. या समजाला उत्तर म्हणून भारतीय चित्रपटाच्या अगदी आरंभीची एक हकीकत पुरेशी आहे. धुंडिराज गोविंद ऊर्फ दादासाहेब फाळके यांचा जन्म ३० एप्रिल १८७० रोजी त्र्यंबकेश्वर येथे झाला. चित्रपटाची विद्या समजून घेण्यासाठी ते १९१२ साली लंडनला गेले आणि परतताना एक कॅमेरा विकत घेण्याची व्यवस्था करून आले. परंतु मोठा चित्रपट काढण्यास लागणारे भांडवल त्यांच्यापाशी नव्हते, आणि ही विद्या या देशात साधेल असा विश्वासही लोकांना नव्हता. तेव्हा त्यांनी एका कुंडीत वाटाण्याचा दाणा पेरला, तिच्यासमोर कॅमेरा कायम ठेवला, आणि महिन्याहून अधिक काळ तिची थोडी थोडी चित्रे घेतली. ती सलग दाखविताच दाण्याला अंकुर फुटून त्याचा वेल झालेला पाहणारांना मिनिटभरात दिसला. ‘अंकुराची वाढ’ या नावाने ओळखला जाणारा हा चिमुकला चित्रपट पाहूनच भांडवल देणाऱ्याचा विश्वास बसला. पुढे ३ मे १९१३ रोजी मुंबईच्या कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफमध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ लोकांसाठी दाखविला गेला.

या हकीकतीत शिक्षकाने लक्षात घ्यावयाच्या दोन गोष्टी आहेत. पहिली अशी की, वाटाण्याच्या चित्रपटाला लागले ते मुख्यतः धैर्य आणि नियमितपणा. दुसरी अशी की, फाळके यांचा उद्योग एकट्याचा नव्हता. त्यांच्या पत्नी सरस्वतीबाई फिल्मच्या कडांना छिद्रे पाडीत, रसायने कालवीत, चित्रण चालू असता प्रकाश परतविण्यासाठी पांढरी चादर धरून उभ्या राहत, आणि काम करणाऱ्या सर्व मंडळींचा स्वयंपाकही करीत. हरिश्चंद्राच्या मुलाची भूमिका त्यांच्याच मुलाने, भालचंद्राने केली. पडद्यावर दिसणाऱ्यांइतकेच न दिसणाऱ्यांचेही हात चित्रपटाला लागतात, हा धडा मुलांनी येथूनच घ्यावा.

चलच्चित्राचे मर्म मुलांना समजावणे कठीण नाही. जुन्या वहीच्या पंचवीस-तीस पानांच्या कोपऱ्यावर एकेक चित्र काढावे. प्रत्येक पानावर चेंडू आधीच्यापेक्षा किंचित वर काढावा, आणि मग अंगठ्याने पाने झरझर सोडावीत. चेंडू उडताना दिसतो. प्रत्येक चित्र स्थिरच असते. ती वेगाने एकामागून एक डोळ्यांसमोर आली म्हणजे मनाला गती भासते. एवढे समजले म्हणजे वाटाण्याचा वेल मिनिटात कसा वाढला, हे मूल आपण होऊन सांगते.

आता विषयाची निवड. विषय गावाच्या गरजेतून निघाला तर मुलांचे काम खेळापुरते राहत नाही. उदाहरणार्थ, दारव्हा तालुक्यातील बोरी अरब येथे हा उपक्रम घ्यावयाचा झाल्यास विषय दूर शोधावा लागणार नाही. यवतमाळ जिल्ह्यात कापूस आणि तूर यांच्या जोडीला आता सोयाबीनचा पेरा मोठा आहे. सोयाबीनचे घरचे बियाणे पुन्हा पेरता येते. परंतु त्याचे साल पातळ असल्यामुळे मळणीत मार बसला, पोती आपटली अथवा साठवण दमट जागी झाली, तर त्याची उगवणशक्ती घटते. दाणा वरून चांगला दिसतो आणि पेरल्यावर उगवत नाही. मग दुबार पेरणी, आणि तिच्यापाठोपाठ कर्ज. हे टाळण्याचा उपाय सोपा आणि बिनखर्चाचा आहे, तो म्हणजे पेरणीपूर्वी उगवणीची चाचणी घेणे. हीच चाचणी मुलांनी चित्रपटातून गावाला करून दाखवावी.

चाचणीची रीत अशी. पोत्याच्या निरनिराळ्या भागांतून दाणे काढून एकत्र मिसळावेत आणि न निवडता शंभर दाणे मोजून घ्यावेत. स्वच्छ धुतलेले गोणपाट ओले करून त्यावर दहा दाण्यांच्या दहा ओळी मांडाव्यात. वरून दुसरे ओले गोणपाट घालून हलकी गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. गोणपाट ओलसर असावे. त्यातून पाणी निथळू नये, नाही तर दाणे कुजतात. सहा-सात दिवसांनी गुंडाळी उघडून निकोप अंकुर आलेले दाणेच मोजावेत. शंभरांपैकी जितके उगवले तितके टक्के. प्रमाणित सोयाबीन बियाण्यासाठी उगवणीची किमान मर्यादा ७० टक्के आहे. थोडी कमी भरल्यास बियाण्याचे प्रमाण त्या मानाने वाढवावे; फारच कमी भरल्यास ते बियाणे पेरू नये. दुकानातील बियाण्याला औषध चोळलेले असते, म्हणून ते मुलांच्या हाती मुळीच देऊ नये. घरचे, औषध न लावलेले बियाणेच वापरावे.

गुंडाळीच्या आत काय घडते ते बाहेरून दिसत नाही. त्यासाठी जोडीला एक काचेचा पेला घ्यावा. त्यात ओल्या फडक्याचा बोळा बसवून काच व फडके यांच्यामध्ये चार दाणे ठेवावेत. मूळ खाली उतरताना आणि अंकुर वर येताना काचेतून स्पष्ट दिसतो. येथे एक मौजेचा फरक मुलांच्या ध्यानी आणून द्यावा : वाटाण्याच्या दोन्ही डाळिंब्या मातीतच राहतात, सोयाबीनचा अंकुर मात्र वाकून आपल्या डाळिंब्या डोक्यावर घेऊन वर येतो. म्हणूनच सोयाबीन खोल पडले अथवा वरची माती घट्ट झाली तर तो वर येऊ शकत नाही. शेतकऱ्याचा अनुभव आणि पुस्तकातील विज्ञान येथे एकमेकांस भेटतात.

चित्रणास शिक्षकाचा साधा मोबाईल पुरतो. तो हातात धरून चित्रे घेतल्यास प्रत्येक चित्र हलते. यास्तव एका पाटावर दोन विटा ठेवून त्यांमध्ये मोबाईल उभा बसेल एवढी फट ठेवावी आणि पाटाच्या व पेल्याच्या कडांभोवती खडूची रेघ ओढावी. मोबाईल दिवसभर गुंतून पडत नाही; दर तासाला तो त्याच फटीत ठेवला म्हणजे झाले. पेला थेट उन्हात ठेवू नये; दिवसभर साधारण सारखा उजेड राहील असा कोपरा निवडावा. एका बाजूस सावली पडत असल्यास दुसऱ्या बाजूस पांढरे कापड धरावे. सरस्वतीबाईंची चादर ती हीच!

चित्रांचा हिशेब मुलांनीच करावा. शाळेच्या वेळात दर तासाला एक याप्रमाणे दिवसाला सहा चित्रे घेतली तर सोमवार ते शुक्रवार तीस होतात. शनिवारी अर्धी शाळा, म्हणून तीन. आठवड्याची तेहतीस, दोन आठवड्यांची सहासष्ट. प्रत्येक चित्र पाव सेकंद दाखविल्यास साडेसोळा सेकंदांचा भाग तयार होतो. दोन आठवड्यांच्या श्रमातून साडेसोळा सेकंद निघतात, हे मुलांना स्वतःच्या गणिताने कळले म्हणजे पडद्यावरील प्रत्येक क्षणाची किंमत त्यांस कळेल. रविवारची व रात्रीची चित्रे नसल्याने अंकुर मध्येच उडी मारल्यासारखा दिसेल. ती उडी लपवू नये. पाटीवर ‘रविवार’ असे लिहून तिचे चित्र तेथे घालावे. उरलेल्या अडीच-पावणेतीन मिनिटांत घरातील मोठ्या माणसाचा पेरणीविषयीचा प्रश्न, दाणे मोजणे, गुंडाळी करणे, ती उघडून मोजणी करणे, आणि फळ्यावरील हिशेब, एवढी दृश्ये पुरेत. हिशेबासाठी असे उदाहरण घ्यावे : ७० टक्के उगवणीला जेथे ६ किलो बियाणे लागते, तेथे ६० टक्के उगवणीला किती लागेल? त्रैराशिकाने उत्तर ७ किलो येते. हे गणित पुस्तकातील नव्हे, घरचे आहे, हे मुलाला तत्काळ पटते.

कामाची वाटणी हा या उपक्रमाचा प्राण होय. वीस मुलांचा वर्ग असल्यास चौघांच्या पाच तुकड्या कराव्यात : बियाणे व मोजणी, चित्रण, रोजची नोंद, निवेदन, आणि फलक व जोडणी. हुशार मुलाकडे कॅमेरा आणि मागे पडणाऱ्याकडे झाडलोट, अशी वाटणी कदापि होऊ नये. प्रत्येक काम असे असावे की ते न झाल्यास चित्रपट अडेल. जे मूल वर्गात बोलत नाही ते नोंदवहीत तासाची वेळ अचूक मांडू लागते, आणि सहासष्ट चित्रे त्याच्या वहीवाचून लागत नाहीत, हे त्याला व इतरांना कळून येते. मजुरीसाठी आईबापांबरोबर गाव सोडावे लागणारी मुले असल्यास प्रत्येक काम दोघांना शिकवून ठेवावे. मूल मध्येच गेले तरी त्याचे नाव चित्रपटाच्या अखेरीस इतरांबरोबर यावे. परत आल्यावर आपले नाव पाहून त्याला शाळा आपली वाटेल.

निवेदन मुलांनी आपल्या भाषेत करावे. घरी वऱ्हाडी बोलणाऱ्या मुलाला वऱ्हाडीत आणि तांड्यावरील मुलाला गोरमाटीत एखादे वाक्य बोलू द्यावे. आजी-आजोबांना तेच आधी समजेल. प्रमाण मराठीतील लेखन फलकांवर येतेच. दोन्हींचा मान राखला म्हणजे भाषेचे शिक्षण पुरे होते.

यानंतरची गोष्ट सर्वांत महत्त्वाची आहे. चाचणी फसण्याचा संभव असतो. पेल्यातील दाणे कुजतील, अथवा शंभरांतून चाळीसच उगवतील. अशा वेळी दुसऱ्या पेल्यातील टवटवीत अंकुर आणून पहिल्याच्या जागी ठेवण्याचा मोह मुलांना होईल. कदाचित शिक्षकालाही होईल. तो मोह आवरला पाहिजे. चित्रे जोडून खोटे खरे भासविता येते हे मुलांना एकदा करून दाखवावे, आणि मग विचारावे : हा चित्रपट पाहून कोणी न उगवणारे बियाणे पेरले, तर त्या शेताची जबाबदारी कोणाची? प्रश्न विचारून शिक्षकाने थांबावे. उत्तर मुलांनीच शोधावे. कुजलेला दाणा चित्रपटात राहिला तर चित्रपट बिघडत नाही, उलट तोच खरा उपयोगी पडतो. मोबाईलवर येणारे प्रत्येक चलच्चित्र खरे मानणाऱ्या आजच्या काळात, चित्र कसे जोडले जाते आणि कसे फसवू शकते हे स्वतः जाणणारे मूल अधिक सावध नागरिक होईल.

याच कारणाने आणखी एक पथ्य पाळावे. बियाणे चार घरांतून आणल्यास पुड्यांना क्रमांक द्यावेत. कोणाच्या घराचे नाव चित्रपटात घेऊ नये. ज्याचे बियाणे कमी उगवले त्या घरी शिक्षकाने आधी जाऊन सांगावे. चारचौघांत मान खाली घालावयास लावणारे सत्य कोणी ऐकत नाही; वेळेवर आणि घरी सांगितलेले सत्य उपयोगी पडते. मुलांचे चेहरे चित्रित करण्यापूर्वी पालकांची संमती घ्यावी, आणि चित्रपट शाळेत व गावात दाखवावा. तो सर्वत्र पाठवीत सुटू नये. पुष्कळ दृश्यांत हात दिसले तरी काम भागते.

हे काम फेब्रुवारीच्या अखेरीस आरंभून मार्चअखेर पुरे करावे आणि उन्हाळ्याच्या सुटीपूर्वी एका संध्याकाळी शाळेत अथवा ग्रामपंचायतीत चित्रपट दाखवावा. चित्रपट संपल्यावर शिक्षकाने भाषण करू नये. गोणपाट आणि दाणे समोर ठेवावेत, आणि गावकऱ्यांच्या प्रश्नांना मुलांनी उत्तरे द्यावीत. एक गोष्ट मात्र मुलांनी आवर्जून सांगावी : मार्चमधील निकाल जूनमध्ये तसाच राहील असे नाही, म्हणून पेरणीच्या तोंडावर प्रत्येकाने आपल्या घरी चाचणी पुन्हा घ्यावी.

जून महिन्यात गावातील एखाद्या ओट्यावर एखादी आजी ओले गोणपाट उलगडून नातवाकडून दाणे मोजून घेताना दिसली, तर उपक्रम सफल झाला असे समजावे.