नाद, व्यसन आणि मुक्तांगणची वाट

मावळातल्या गावांत व्यसन म्हटले की अजूनही दारूच डोळ्यांसमोर येते. पोरगा रात्र-रात्र मोबाइलवर खेळतो, पैसे लावतो, शाळा बुडवतो; त्याला घरचे 'नाद' म्हणतात. नाद कुठे संपतो आणि व्यसन कुठे सुरू होते, हा वाद आता नुसता शब्दांचा उरलेला नाही. जागतिक आरोग्य संघटनेचे रोगांचे अकरावे वर्गीकरण १ जानेवारी २०२२ पासून लागू झाले आणि त्यात जुगाराशेजारी गेमिंगलाही व्यसनी वर्तनाच्या विकारांत जागा मिळाली. दिवसाला किती तास, असा निकष तिथे नाही. खेळण्यावरचा ताबा सुटणे, इतर सगळ्याच्या आधी खेळ येणे आणि नुकसान दिसत असूनही तो चालूच राहणे, अशी लक्षणे धरली आहेत. तीही साधारण वर्षभर दिसावी लागतात. दिवाळीच्या सुट्टीत चार दिवस मोबाइल न सोडणाऱ्या पोराला रोगी ठरवणाऱ्यांनी ही अट जरूर वाचावी.

उपचारांची एक रीत मात्र लोणावळा लोकलच्या टप्प्यातच घडली आहे. मनोविकारतज्ज्ञ डॉ. अनिता ऊर्फ सुनंदा अवचट आणि अनिल अवचट यांनी २९ ऑगस्ट १९८६ रोजी येरवड्यात 'मुक्तांगण' सुरू केले. पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांच्या देणगीचा त्याला मोठा आधार होता. तेव्हा धास्ती होती ती गर्दची. व्यसनी माणसाला गुन्हेगार न मानता आजारी मानायचे, व्यसनातून बाहेर पडलेल्यांनाच कामात घ्यायचे आणि बायकोलाही आधार द्यायचा, ही तिथली पद्धत. बायकांच्या गटाचे नाव 'सहचरी'. मला स्वतःला हा गट केंद्राचा सर्वांत मोलाचा भाग वाटतो, कारण घर तेच राहिले तर सुटलेले व्यसन परत यायला वेळ लागत नाही. १९९७ मध्ये सुनंदाताई गेल्या. मानसशास्त्र शिकलेल्या त्यांच्या कन्या मुक्ता पुणतांबेकर यांनी हे काम पुढे नेले, आणि दारू-गर्दच्या जोडीला मोबाइलच्या आहारी गेलेली मुलेही समोर येऊ लागली.

इथे जुनी रीत अडते. दारूच्या बाबतीत सांगता येते, पहिला घोट घ्यायचाच नाही. फोनचे तसे नाही. अभ्यास, बँक, आईशी बोलणे, सगळे त्यातच. म्हणून ध्येय संपूर्ण बंदीचे न ठेवता ताब्याचे ठेवावे लागते : कोणत्या वेळी, कोणत्या मनःस्थितीत हात फोनकडे जातो ते ओळखायचे, आणि त्या वेळेला दुसरे काही द्यायचे. बंगळुरूच्या निम्हान्स संस्थेत २०१४ पासून याच प्रश्नासाठी वेगळा दवाखाना आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदीचा कायदा केला. त्याने ॲप बंद होतील. पोराची रात्रीची घालमेल कायद्याने थांबत नाही, आणि बापाने फोन आपटून फोडल्यानेही नाही.

येरवड्याला जायला संकोच वाटणाऱ्या घरांसाठी 'टेली-मानस' ही सरकारी हेल्पलाइन आहे. क्रमांक १४४१६, फोन मोफत, रात्रीही चालू, आणि पलीकडून मराठीत बोलणारे माणूस मिळू शकते.