ठिगळाची किंमत : जपानी कपडे घेताना

पिरनवाडी, मच्छे, उद्यमबाग या आपल्या भागातली मुले शिकायला आणि नोकरीला पुण्या-बेंगळूरला जातात. काही आता जपानलाही पोहोचली आहेत. गणपतीला घरी येतात तेव्हा अंगात ढगळ शर्ट, रुंद विजार आणि कोपरावर ठिगळ लावलेले निळे जाकीट असते. किंमत कळली की घरातली वडील मंडळी गप्प होतात. या कपड्यांत एवढे काय आहे, आणि घ्यायचेच असतील तर कसे घ्यावेत, हे सभासदांसाठी लिहीत आहोत. आमची हयात बँकेत गेली, त्यामुळे हिशेबाची बाजू जरा जास्त येईल.

टोकियोत हाराजुकू नावाचा भाग आहे. तिथल्या गल्ल्यांत तरुण पोरांनी जुने-नवे कपडे स्वतःच्या मनाने एकावर एक घालायला सुरुवात केली. शोइची आओकी या छायाचित्रकाराने १९९७ साली ‘फ्रूट्स’ हे मासिक काढून त्यांचे फोटो छापले, आणि ही रस्त्यावरची फॅशन जगभर गेली. त्याआधी १९८१ साली रेई कावाकुबो आणि योजी यामामोतो या जपानी डिझायनरांनी पॅरिसमध्ये आपले कपडे दाखवले होते. काळे, ढगळ, कडा न शिवलेले. कावाकुबोबाईंच्या एका स्वेटरला तर मुद्दाम भोके ठेवलेली होती. तिथल्या समीक्षकांनी नावे ठेवली, तशीच आपल्याकडच्या आजीनेही ठेवली असती.

ठिगळांची गोष्ट मात्र याहून जुनी आहे. उत्तर जपानात थंडीमुळे कापूस पिकत नसे. शेतकऱ्यांच्या अंगावर तागासारख्या धाग्याचे कापड. दुरून आलेली सुती चिंधी मोलाची, म्हणून ती जुन्या कपड्यावर ठेवून धावदोऱ्याने शिवत. त्या शिवणीला साशिको म्हणतात आणि पिढ्यान्पिढ्या ठिगळे लागलेल्या कपड्याला बोरो, म्हणजे लक्तरे. गरिबीची खूण म्हणून लोक ते लपवत, टाकून देत. तनाका चुझाबुरो या गृहस्थांनी आओमोरी भागात घरोघर फिरून ते जमवले आणि २००९ साली टोकियोच्या आसाकुसात त्यांचे संग्रहालय झाले. आज जीन्ससाठी प्रसिद्ध असलेल्या कोजिमा गावची कॅपिटल कंपनी त्याच धर्तीची जाकिटे विकते. त्यातल्या काहींची किंमत येनमध्ये सहा आकडी असते.

आता आपली वाकळ आठवा. जुनी लुगडी, धोतरे एकावर एक घालून धावदोरा. कानडीत तिला कौदी म्हणतात. इथून फार लांब नाही, हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका कडेपासून सुरुवात करून मध्यापर्यंत शिवत जातात आणि चारी कोपऱ्यांना कापडाची फुले लावतात. त्यांच्या गोधड्यांचे प्रदर्शन २०११ साली न्यूयॉर्कमध्ये झाले. आपल्या गल्लीतल्या वाकळा मात्र ब्लँकेट आले तशा माळ्यावर गेल्या, नाहीतर गाडी पुसायला. शिवणाऱ्या बायका आता सत्तरीच्या पुढे आहेत आणि त्यांच्याकडून टाका शिकून घेणारी मुलगी शोधावी लागते. त्याच घरातला नातू बोरोसाठी पगार मोडतो. त्याला हसू नये असे आमचे मत आहे. निदान हाताच्या टाक्याला दाम द्यावा लागतो हे त्याला कळले आहे.

जपानी डिझायनरांना ते आधीच कळले होते. इस्से मियाके यांच्या संस्थेने अहमदाबादच्या आशा साराभाई यांच्याबरोबर काम केले. त्याच संस्थेच्या एका कपड्यांच्या मालिकेचे नाव ‘हाट’ आहे. हाट म्हणजे आपला बाजार.

आता खरेदी. साधे जपानी कपडे भारतातच मिळतात. युनिक्लो २०१९ मध्ये दिल्लीत आणि २०२३ मध्ये मुंबईत कुर्ल्याला आले. त्यांचा कपडा सुटसुटीत आणि शिलाई नेटकी असते, पण हाराजुकूची मजा तिथे शोधू नये. ती टोकियोत शिमोकिताझावा, कोएन्जी या भागांतल्या जुन्या कपड्यांच्या दुकानांत आहे. कपडा धुतलेला असतो आणि कुठे डाग, कुठे विरलेले, हे बऱ्याच ठिकाणी चिठ्ठीवर प्रामाणिकपणे लिहिलेले असते.

मापात मात्र पुष्कळ लोक फसतात. जपानी ‘एल’ आपल्याकडच्या ‘एम’च्या जवळ जातो. घरचा नीट बसणारा शर्ट पलंगावर पसरून खांदा, छाती आणि लांबी सेंटिमीटरमध्ये मोजून न्यावी. दुकानात छातीचे माप सपाट कपड्याचे, म्हणजे निम्मे लिहिलेले असते. ५५ दिसले तर घेर ११० समजावा.

पैसे देताना यंत्र विचारते, येनमध्ये की रुपयांत? येनच निवडावे. रुपये निवडले की दर दुकानाकडच्या यंत्रणेचा लागतो आणि तो बहुधा महाग पडतो. कार्डावर बँकेचे परकीय चलनाचे शुल्कही असते. समजा जाकीट ३०,००० येनचे आणि १०० येनला ६० रुपये दर, तर झाले १८,००० रुपये. साडेतीन टक्के शुल्क ६३० आणि त्यावर १८ टक्के जीएसटी सुमारे ११३. म्हणजे १८,७४३. जाण्यापूर्वी आपल्या कार्डाचे शुल्क बँकेत विचारून घ्यावे. जपानमध्ये कपड्यांवर १० टक्के विक्रीकर आहे. पर्यटकाने एका दुकानात एका दिवशी करासोडून ५,००० येनच्या वर खरेदी केली तर पासपोर्ट दाखवून तो वाचतो. नोकरीसाठी तिथे राहणाऱ्यांना ही सवलत नाही. १ नोव्हेंबर २०२६ पासून कर आधी भरून देश सोडताना परत घ्यायचा, अशी नवी पद्धत ठरली आहे.

आणि ज्यांना एवढे लांब जायचे नाही त्यांच्यासाठी. माळ्यावरची वाकळ काढा, उन्हात टाका, विरलेला भाग बाजूला करा. उरलेल्या कापडातून ओळखीचा शिंपी बिनबाह्यांचे जाकीट सहज बेतून देईल. आतून मऊ सुती अस्तर लावायला सांगावे, नाहीतर जुने टाके तुटतात. कडांची शिवण मात्र आजीकडूनच करून घ्यावी आणि नातीला शेजारी बसवावे.