नवी कोंबडी परसात येते तेव्हा

शहापूर-मुरबाड भागात कोंबडी घरी येते ती बरेचदा आठवडा बाजारातून, पाय बांधून, पिशवीत नाहीतर पाटीत. घरी आणायची, दोरी सोडायची आणि परसातल्या बाकीच्या कोंबड्यांत मोकळी करायची, हीच सर्रास रीत. अर्ध्या तासात तिच्या तुऱ्यावर रक्त दिसतं. संध्याकाळी ती खुराड्यात शिरायला धजत नाही, कुंपणाशी नाहीतर एखाद्या फांदीवर बसून राहते. कसाऱ्याच्या बाजूला रान घराला लागूनच आहे. तिथे रात्री बाहेर राहिलेली कोंबडी रानमांजराला आयतीच सापडते. चांगले पैसे मोजून आणलेली अंड्यावरची कोंबडी अशी जाते तेव्हा घरातल्या बाईचं जे नुकसान होतं, ते टाळता येण्यासारखं असतं.

कोंबड्यांच्या कळपात प्रत्येकीची पायरी ठरलेली असते. दाण्यावर आधी कोण, काठीवर चांगली जागा कोणाची, कोणी कोणाला चोच मारायची आणि कोणी निमूट बाजूला व्हायचं, हे सगळं आधीच लागून गेलेलं असतं. नॉर्वेच्या थोर्लेफ शेल्डेरुप-एब्बे यांनी लहानपणापासून कोंबड्यांचं बारकाईने निरीक्षण केलं आणि १९२१ साली हा क्रम शास्त्रीय पद्धतीने मांडला. कोंबड्या एकमेकींना ओळखतात त्या मुख्यतः डोक्यावरून आणि तुऱ्यावरून. ओळख असेपर्यंत नुसत्या मान उगारण्यावर काम भागतं, मारामारी होत नाही. अनोळखी तुरा दिसला की मात्र तिची पायरी ठरवावी लागते, आणि ती चोचीनेच ठरते. म्हणून दोन-तीन आठवडे दुसरीकडे ठेवलेली आपलीच कोंबडी परत आणली, तरी तिला कधी कधी परकीसारखी वागणूक मिळते. खुडूक कोंबडीला अंड्यांवर बसवताना पार वेगळ्या खोलीत न नेता खुराड्याच्याच एका कोपऱ्यात आडोसा करावा, असं मी सांगते ते यासाठी.

पण मारामारीच्या आधी रोगाचा विचार हवा. फेब्रुवारी २०२२ मध्ये शहापूर तालुक्यातल्याच वेहळोली गावात सुमारे शंभर पक्षी अचानक मेले आणि तपासणीत बर्ड फ्लू निघाला. आसपासचे जवळपास २५ हजार पक्षी मारण्याचा निर्णय प्रशासनाला घ्यावा लागला. अशी साथ रोज येत नाही. मानमोडी मात्र, म्हणजे राणीखेत, नेहमीची आहे, आणि तिच्यात अख्खं खुराडं रिकामं होतं. रोग अंगात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत बहुधा पाच-सहा दिवस जातात, कधी दोन आठवडेही लागतात. बाजारात टवटवीत दिसलेली कोंबडी घरी येऊन आठव्या दिवशी मान टाकू शकते, ती यामुळे.

तेव्हा नव्या कोंबड्या किमान तीन आठवडे, जमल्यास महिनाभर, पूर्ण वेगळ्या ठेवायच्या. जागा जुन्या खुराड्यापासून जितकी लांब तितकी बरी: घराची दुसरी बाजू, मागची पडवी, शेजाऱ्यांकडे कोंबड्या नसतील तर त्यांचा गोठा. पाण्याचं भांडं वेगळं. रोज आधी जुन्या कोंबड्यांचं आवरायचं, मग नव्यांचं, आणि हात-पाय धुऊनच परतायचं. या दिवसांत हिरवट पातळ शीट, घरघर, डोळ्यांतलं पाणी, पंखांखालच्या उवा, पायांवरचे उचकटलेले खवले नीट बघून घ्यावेत. आल्याबरोबर जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात लसीचं विचारावं. राणीखेतसाठी पिल्लांना पहिल्या आठवड्यात लासोटाचा थेंब देतात आणि सात-आठ आठवड्यांची झाली की आर-टू-बीची सुई. कुपी शंभर किंवा त्याहून जास्त पक्ष्यांची असते आणि कालवल्यावर दोनेक तासांत संपवावी लागते. पाड्यावरच्या सगळ्यांनी एकाच सकाळी कोंबड्या धरून ठेवल्या तर ती वाया जात नाही.

वेगळं राहणं संपलं की दिसायचं, पण शिवायचं नाही, असा आठवडा येतो. आपल्याकडचं डालगं इथे फार कामाचं. दिवसा परसात नव्यांना डालग्याखाली ठेवायचं, पाणी आत द्यायचं आणि जुन्यांचा दाणा डालग्याच्या अगदी कडेला टाकायचा. दोन्हीकडच्या कोंबड्या एकमेकींसमोर टिपत राहतात. डालगं अपुरं पडत असेल तर बांबूच्या कामट्यांचा आड बांधावा, फटी चोचीपुरत्या, डोकं न जाईल अशा. पहिले दोन दिवस जुन्या कोंबड्या फेऱ्या मारतात, पिसं फुलवतात. मग आपापल्या कामाला लागतात. हे दुर्लक्ष म्हणजे पुढे जायला हरकत नसल्याची खूण.

एकटी कोंबडी कधीही सोडू नये. एकीच आणायची असेल तर थोडं थांबून दोन-तीन आणाव्यात, म्हणजे चोची वाटल्या जातात. अंगाने साधारण जुन्यांएवढ्या असाव्यात. तलंगा आणायच्या तर त्या भरू द्याव्यात, अर्धवट वाढीच्या पिल्लांना मोठ्यांत ढकलू नये. दाण्याचीही गोष्ट आहे. अंड्यावरच्या कोंबड्यांच्या तयार खाद्यात चुना भरपूर असतो आणि तो अंडी न देणाऱ्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधतो. एकत्र असतील तोवर सगळ्यांना वाढीचं खाद्य किंवा कणी-नाचणी द्यावी आणि कुटलेले शिंपले वेगळ्या वाटीत ठेवावेत. ज्यांना हवे त्या खातात.

एकत्र करायचं ते रात्री. कोंबडीला अंधारात जवळजवळ दिसत नाही, जागेवरून ती हलत नाही. जुन्या कोंबड्या काठीवर बसल्या की नव्यांना अलगद उचलून त्यांच्या शेजारी बसवायचं. काही जण आठवडाभराची ओळख न करून देता नुसता हाच उपाय करतात आणि सकाळी उजाडताच खुराड्यात रण माजतं. दोन्ही पायऱ्या हव्यात, आणि तांबडं फुटायच्या आत दार उघडायला माणूस हवा. परसात दाणा दोन-तीन ठिकाणी, पाणी दोन ठिकाणी, आणि पळून जायला आडोसे: टेकून ठेवलेली फळी, लाकडांची मोळी, उलटी टोपली. पण कोपरा बंद नको, शिरलेल्या वाटेखेरीज दुसरी वाट असलीच पाहिजे.

चोच मारली आणि ती बाजूला झाली, एवढ्यावर मिटलं तर मध्ये पडू नये. दाबून धरून डोक्यावर मारत राहिली, रक्त आलं, तर लगेच उचलावं, कारण लाल रंगावर सगळ्याच तुटून पडतात. एकच कोंबडी सगळ्यांना छळत असेल तर मार खाणारीला बाजूला काढण्याऐवजी त्या दांडगीला तीन-चार दिवस दुसरीकडे ठेवावं. ती परत येईपर्यंत नव्यांचा जम बसलेला असतो. हे सगळं शक्यतो पाऊस सरल्यावर करावं. श्रावणात ओल्या खुराड्यात दिवसभर कोंडलेल्या कोंबड्यांत नवीन भर घालणं म्हणजे भांडण आणि रोग दोन्हींना बोलावणं.

आता कोंबडा. अंड्यांसाठी त्याची गरज नाही, पिल्लांसाठी आहे. पण चांगला कोंबडा याहून जास्त देतो. दाणा सापडला की आधी कोंबड्यांना बोलावतो. घार किंवा शिकरा दिसला तर एक आवाज काढतो, जमिनीवरून मुंगूस आलं तर वेगळा, आणि कोंबड्या त्याप्रमाणे दबतात किंवा पळतात. कोंबड्यांच्या आपसातल्या भांडणातही तो पुष्कळदा मध्ये शिरतो. नव्या कोंबड्या त्याला सहसा चालतात.

आठ-दहा कोंबड्यांमागे एक कोंबडा पुरे. चार-पाच कोंबड्यांत दोन कोंबडे असले की कोंबड्यांच्या पाठीची पिसं झडतात, कातडी उघडी पडते, त्या खुराड्यातून बाहेर यायला कचरतात. वनराज, गिरिराज अशा सुधारित जातींचा जड कोंबडा लहान चणीच्या गावठी कोंबड्यांवर सोडताना हे जास्त जपावं. शिवाय या सुधारित जातींच्या माद्या सहसा खुडूक होत नाहीत, आणि त्यांच्या पुढच्या पिढीत मूळचे गुण तसेच उतरत नाहीत. परसात पिल्लं काढायची असतील तर गावठी खुडूक कोंबडी हातची घालवू नये.

जास्तीचे कोंबडे काढायची वेळ आपल्याकडे पंचांगच सांगतं. माघातली पिल्लं आषाढ संपता संपता पाच महिन्यांची होतात, आरवू लागतात, एकमेकांवर धावतात, आणि नेमकी तेव्हा गटारी येते. नवसालाही कोंबडा लागतो. ठेवायचा तो आधीच निवडून ठेवावा: अंगाने भरलेला, दाण्यावर कोंबड्यांना बोलावणारा, माणसावर न धावणारा. पोरांच्या अंगावर उडणारा कोंबडा कितीही देखणा असो, त्याची पिल्लं काढू नयेत, कारण हा स्वभाव बराचसा पिढीत उतरतो. पायामागचा काटा वाढला असेल तर फक्त टोक घासावं, आत हाड आणि रक्त असतं.

दोन कोंबडे ठेवायचेच असतील तर एकत्र वाढलेले ठेवावेत. एकदा काही आठवडे वेगळे केले की पुन्हा एकत्र करू नयेत. जपानमधल्या संशोधकांनी २०१५ साली दाखवून दिलं, की एकत्र असलेल्या कोंबड्यांत पहाटे आधी वरचढ कोंबडा आरवतो आणि बाकीचे आपापल्या क्रमाने मागून. कोण वरचढ, हे अंथरुणातूनही कळतं.

आपल्याच कोंबड्याची पिल्लं पुन्हा त्याच्याचखाली गेली की दोन-तीन पिढ्यांत पिल्लं रोडावतात, अंडी उबत नाहीत. म्हणून वर्षा-दीड वर्षाने लांबच्या गावातल्या नात्यागोत्यात कोंबड्याची अदलाबदल करावी. जुना कोंबडा आधी काढायचा, नवा आपले तीन आठवडे वेगळा काढून, डालग्याखालचा आठवडा संपवून रात्रीच आत जायचा. तो कोवळा असेल तर थोराड कोंबड्या त्याला सुरुवातीला चोपतात, महिन्याभरात तो सावरतो. कोंबडीच्या पोटात जुन्या कोंबड्याचं बीज दोन ते तीन आठवडे टिकतं. तेव्हा अदलाबदल केल्यावर नवा कोंबडा कळपात गेल्यापासून पहिले तीन आठवडे मिळतील ती अंडी खायला घ्यावीत, आणि खुडूक कोंबडीखाली ठेवायची अंडी त्यानंतरचीच जमवावीत.