बॉम्ब घरावर पडला, युद्ध मात्र थांबले नाही

टीव्हीवर कुठल्याही युद्धाची बातमी लागली की घरातल्या कुणाच्या ना कुणाच्या तोंडून एक वाक्य हमखास निघते, "चार बॉम्ब टाकले की शत्रू वठणीवर येईल." शाळेत दुसरे महायुद्ध शिकवताना आम्हालाही हे ऐकावे लागते. या वर्षी एका मुलाने विचारले, "सर, शहरावर बॉम्ब टाकून युद्ध लवकर संपत असेल, तर त्यात वाईट काय?" 'असे बोलू नये' म्हणून त्याला खाली बसवणे सोपे होते. पण आम्हाला वाटले, आधी हिशोब मांडावा, मग न्याय-अन्यायाकडे वळावे.

सुरुवात लिबियातून

विमानातून बॉम्ब टाकण्याची पहिली घटना १ नोव्हेंबर १९११ ची मानली जाते. इटली आणि उस्मानी तुर्क यांच्या युद्धात गावोत्ती नावाच्या इटालियन वैमानिकाने ट्रिपोलीजवळच्या छावण्यांवर हातानेच काही लहान बॉम्ब टाकले. नुकसान किरकोळ झाले, पण वाट मोकळी झाली. १९२१ मध्ये इटलीचेच सेनाधिकारी दुहे यांनी त्यावर पुस्तक लिहिले. त्यांचे म्हणणे असे की, सीमेवरच्या फौजेशी लढत बसण्यापेक्षा तिच्या मागची शहरे भाजून काढावीत. लोक घाबरतील आणि आपल्याच सरकारला शरण जायला भाग पाडतील.

या विचाराची मोठी परीक्षा लंडनमध्ये झाली. ७ सप्टेंबर १९४० पासून जर्मन विमाने जवळपास रोज रात्री येऊ लागली. मे १९४१ पर्यंत ब्रिटनमध्ये ४० हजारांहून अधिक नागरिक मारले गेले. लोक भुयारी रेल्वेच्या स्टेशनांत झोपले आणि सकाळी उठून कामावर गेले. सरकार शरण गेले नाही.

नेम चुकला, म्हणून शहरच निशाणा

हे सारे स्वतः सोसलेल्या ब्रिटनने पुढे तोच मार्ग धरला. दिवसा जाणारी विमाने फार पाडली जात, म्हणून ब्रिटिश विमाने रात्री जाऊ लागली. पण ऑगस्ट १९४१ च्या सरकारी पाहणीत कळले की, निशाण्यावर बॉम्ब टाकल्याचे सांगणाऱ्या विमानांपैकी जेमतेम एक तृतीयांश विमाने निशाण्याच्या आठ किलोमीटरच्या आत पोहोचली होती. कारखान्यावर नेम लागत नव्हता. अख्खे शहर मात्र चुकणार नव्हते. १४ फेब्रुवारी १९४२ रोजी नवा आदेश निघाला. त्यात शत्रूच्या नागरिकांचे, विशेषतः कामगारांचे, मनोधैर्य हेच लक्ष्य ठरवले गेले.

मनोधैर्य हा शब्द कागदावर सभ्य दिसतो. जुलै १९४३ मध्ये हॅम्बुर्गने त्याचा अर्थ पाहिला. २७ जुलैच्या रात्री हजारो आगी एकमेकींत मिसळून आगीचे वादळच उठले. तळघरांत लपलेली माणसे हवेअभावी गुदमरून मेली. त्या आठवड्याभराच्या हल्ल्यांत सुमारे ४० हजार लोक गेले. फेब्रुवारी १९४५ मध्ये ड्रेस्डेन येथे सुमारे २५ हजार आणि पुढच्याच महिन्यात टोकियोत एका रात्रीत सुमारे एक लाख.

हिशोब काय सांगतो?

युद्ध संपल्यावर अमेरिकेने या बॉम्बफेकीची सविस्तर पाहणी केली. पुढे भारतात अमेरिकेचे राजदूत म्हणून आलेले अर्थतज्ज्ञ गालब्रेथ त्या कामात होते. आढळले असे की, १९४२ च्या सुरुवातीपासून १९४४ च्या मध्यापर्यंत, म्हणजे शहरे जळत असताना, जर्मनीचे शस्त्र-उत्पादन सुमारे तिप्पट झाले. लोक खचले, विजयावरचा त्यांचा विश्वास उडाला, तरी कामावर जात राहिले. घर गमावलेला माणूस बंड करत नाही. तो आधी आपल्या मुलांसाठी छप्पर आणि भाकरी शोधतो. त्यात हुकूमशाहीचा पहारा डोक्यावर.

मग बॉम्बफेकीचा उपयोग झालाच नाही का? झाला, हेही प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. जर्मनीला हजारो तोफा आणि लढाऊ विमाने घराच्या रक्षणासाठी मागे ठेवावी लागली. मे १९४४ पासून इंधनाच्या कारखान्यांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा काही महिन्यांतच विमानांच्या इंधनाचे उत्पादन दहाव्या हिश्श्याच्याही खाली आले. रेल्वे तुटली तसा कोळसा जागच्या जागी अडकला. म्हणजे खरा घाव इंधनावर आणि रुळांवर बसला. या मोहिमेत ब्रिटिश बॉम्बर दलाच्या सुमारे सव्वा लाख वैमानिक-सैनिकांपैकी ५५ हजारांहून अधिक जण गेले. तीही आयांची लेकरेच.

आणि उपयोग झाला असता तर?

इथेच त्या मुलाचा खरा प्रश्न उभा राहतो. समजा, शहरे जाळून युद्ध लवकर संपले असते, तर ते योग्य ठरले असते का?

भर युद्धात, ९ फेब्रुवारी १९४४ रोजी, चिचेस्टरचे बिशप जॉर्ज बेल यांनी ब्रिटनच्या वरिष्ठ सभागृहात याच प्रश्नावर आपल्या सरकारला जाब विचारला. ते नाझींचे कट्टर विरोधक होते, तरी स्वकीयांचा रोष त्यांनी ओढवून घेतला. आपल्याकडे हजरत अबू बकर (रजि.) यांनी फौजेला दिलेली ताकीद प्रसिद्ध आहे: बायका, मुले, म्हातारे यांना मारू नका, फळझाडे तोडू नका. त्या ताकिदीत फायद्या-तोट्याची अट नाही. मुस्लिम राज्यकर्त्यांनीही ती अनेकदा मोडली, हे आपण कबूल केले पाहिजे. जिनिव्हा करारांना १९७७ मध्ये जोडलेल्या मसुद्यात नागरिकांना लक्ष्य करण्याला आणि अख्खे शहर एकच निशाणा मानण्याला मनाई आहे. हा शहाणपणा जगाला लाखो माणसे गमावून सुचला.

आम्ही त्या मुलाला सांगितले, "बेटा, हिशोबाने तुझे म्हणणे टिकत नाही. पण ते टिकले असते, तरी तळघरातल्या मुलाचा गुन्हा काय, याचे उत्तर तुला द्यावेच लागले असते." तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "सर, पण बॉम्ब टाकणाऱ्याला ते मूल दिसतच नाही ना!"

आमचा धडा त्याने आमच्याआधी पुरा केला होता. उंचावरून मूल दिसत नाही, आणि टीव्हीसमोर बसलेल्या आपल्यालाही दिसत नाही. म्हणून पुढच्या वेळी बातमी लागेल तेव्हा, बॉम्ब आपल्या आवडत्या बाजूने टाकलेला असो वा नावडत्या, घरातल्या मुलांसमोर एवढे तरी विचारूया: निशाणा काय होता आणि त्याच्या खाली कोण राहत होते?